पाण्याआधी म्हशी हलव
गावच्या आपत्ती समितीत नवा आलायस म्हणून सांगतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तेव्हा 45 ची वाट बघू नकोस. 40 लाच म्हातारीकोतारी, आजारी, गरोदर बाया हलव. त्यांची यादी वहीत ठेव, मोबाइलचं चार्जिंग दोन दिवसांत संपतं. आणि जनावरं आधी! दावणीला म्हैस असली की माणूस घर सोडत नाही, कितीही बोंबला. त्यांना बांधायला उंचावरची जागा मेमध्येच ठरव. बोटीचं इंजिनही तेव्हाच चालवून बघ. आमचं ऐन पुरात सुरूच होईना. प्लग गंजलेला. दोरी ओढून ओढून हाताला फोड आले.