हालांड इतका स्वस्तात कसा गेला?

प्रश्न: आमच्या ग्रुपवर अजून भांडणं होतात, २०२२ला नॉर्वेचा फुटबॉल स्ट्रायकर हालांड रियल माद्रिदला जाणार अशा बातम्या रोज यायच्या आणि मग मँचेस्टर सिटीने फक्त ५१ मिलियन पाउंडात उचलला, त्याचा तेव्हाचा जर्मन क्लब डॉर्टमुंड येडा होता का?

उत्तर: येडा नव्हता हो, काँट्रॅक्टमध्ये रिलीज क्लॉज (ठरलेल्या रकमेला खेळाडू सोडायची अट) होता, तेवढे पैसे टेबलावर ठेवले की क्लबला अडवता येत नाही, म्हणून खरी घासाघीस पगार आणि एजंटच्या कमिशनवर होते (आणि ते आकडे त्या ५१मध्ये धरलेले नसतात बरं का). त्यात वडील आल्फी सिटीकडूनच खेळलेले. जानेवारी २०२०लाही मँचेस्टर युनायटेडवाले तो आपल्याकडे येणार म्हणून पार्टीच्या तयारीत होते, पोरगं गेलं डॉर्टमुंडला आणि पहिल्याच मॅचला सब (बदली खेळाडू) म्हणून येऊन हॅटट्रिक! अफवा वाचायची तर आधी क्लॉज बघा, एअरपोर्टचे फोटो नंतर.