पूर्वीच्या सरकारी बातम्या खरंच निःपक्षपाती होत्या का?

तुम्ही विचारलंय, की आकाशवाणी-दूरदर्शनच्या जुन्या बातम्या निःपक्षपाती असायच्या असं घरातली मोठी माणसं म्हणतात, ते कितपत खरं? मी सांगलीचा, त्याच बातम्या ऐकत वाढलो. सूर शांत होता, उच्चार स्वच्छ होते, कुणी कुणावर ओरडत नव्हतं. त्याची आठवण मलाही येते. पण त्यांना निःपक्षपाती म्हणणार नाही. त्यांत खोटं फारसं नसायचं, गाळलेलं मात्र पुष्कळ असायचं.

३१ ऑक्टोबर १९८४ चा दिवस सांगतो. दिवाळीची सुट्टी होती. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. पोत्यांच्या थप्पीवर ट्रान्झिस्टर, भोवती हमाल, तोलार, दोन-तीन व्यापारी. इंदिरा गांधींवर हल्ला झालाय एवढं सगळ्यांना कळलं होतं. आकाशवाणी तेवढंच सांगत होती. शेजारच्या पेढीवरच्या काकांना इंग्रजी कळायचं. त्यांनी शॉर्टवेव्हवर बीबीसी लावलं, खरखरीतून दोनदा ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गेल्या." वडिलांनी लगेच काटा पुन्हा आकाशवाणीवर नेला. तिथं अजून हल्ल्याचीच बातमी. कुणी काही बोललं नाही. एकेकानं दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आकाशवाणीनं निधनाची बातमी दिली, तेव्हा यार्ड केव्हाच सामसूम झालं होतं. राजीव गांधी त्या दिवशी बंगालच्या दौऱ्यावर होते, तेही बीबीसीच ऐकत होते.

उशिरामागे कारण नव्हतं असं नाही. दंगलीची भीती होती, नव्या पंतप्रधानांचा शपथविधी व्हायचा होता. पण थांबायचं की सांगायचं हे संपादकानं ठरवायचं की सरकारनं, हा प्रश्न राहतोच. आणि तेव्हा वृत्तविभाग थेट माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या हाताखाली होता.

आणीबाणीत तर आडपडदाही उरला नव्हता. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि काही दिवसांतच त्या खात्याच्या मंत्रिपदावरून इंद्रकुमार गुजराल गेले, विद्याचरण शुक्ल आले. लोक आकाशवाणीला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणत. बीबीसीचे मार्क टली यांना देश सोडावा लागला. वडील सांगायचे, की आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांना रात्री पोलीस घेऊन गेले, आणि सकाळच्या बातम्यांत सरकारचा वीस कलमी कार्यक्रम होता. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मास्तरांच्या बायकोला मात्र नवरा कुठं आहे ते कळायला महिना लागला.

पुढं जनता सरकारनं वर्गीज समिती नेमली. आकाशवाणी-दूरदर्शन एका स्वायत्त न्यासाकडे द्या, असं तिनं १९७८ मध्ये सुचवलं. ते झालं नाही. आज आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, लागू व्हायला १९९७ उजाडलं. तेव्हा पंतप्रधान कोण होते? तेच गुजराल. मला ही गोष्ट फार लक्षात राहिली आहे. पण कायद्यानं स्वायत्तता आली तरी पैसा मुख्यतः सरकारकडूनच येतो, आणि ज्याच्या हाती पगार त्याच्यापुढं आवाज खाली येतो.

पण म्हणून बीबीसीला देव्हाऱ्यात बसवू नका. त्यांचा पैसा मुख्यतः घरोघरच्या परवाना शुल्कातून येतो, त्यामुळे थोडी मोकळीक मिळते एवढंच. १९२६ च्या ब्रिटनमधल्या सार्वत्रिक संपात सरकारनं बीबीसी ताब्यात घेतलं नाही. पण आपण खरेखुरे निःपक्षपाती राहणार नाही याची सरकारला खात्री आहे, असं त्यांचे प्रमुख जॉन रीथ यांनीच रोजनिशीत लिहून ठेवलंय. विरोधी मजूर पक्षाच्या नेत्याला त्या संपात बोलूही दिलं नव्हतं.

आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निकाल दिला. पाठोपाठ खाजगी वाहिन्या वाढल्या. पण खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला अजून परवानगी नाही, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण आमच्यासारख्या जिल्ह्याची बातमी गावातल्याच माणसानं, दिल्लीला न विचारता सांगायला हवी.

सरकारी आकडा मी टाकून देत नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कोयनेतून किती क्युसेक सुटतंय या सरकारी आकड्यावरच आम्ही आईला वरच्या मजल्यावर न्यायचं की गाव सोडायचं हे ठरवलं. धरणातून पाणी आधी का सोडलं नाही, हे मात्र त्या आकड्यात नसतं. ते विचारणारा दुसरा कुणीतरी लागतो.

घरच्या मोठ्यांना एकदा विचारून बघा, की इंदिराजी गेल्याचं त्यांना पहिल्यांदा कुठून कळलं.