ऑस्ट्रेलियाचं हायकोर्ट म्हणजे आपल्या मुंबई हायकोर्टासारखंच का? कॅनबेरात बिल्डिंग आतून बघता येते का?

नाही, तिकडे हायकोर्ट हेच सगळ्यात वरचं कोर्ट, म्हणजे आपल्या दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाच्या जागी, आणि सुप्रीम कोर्ट मात्र प्रत्येक राज्याचं वेगळं, त्यामुळे सिडनीतल्या सुप्रीम कोर्टात हरलेला माणूस वर हायकोर्टात जातो, आपल्या बरोब्बर उलटं. त्यांच्या राज्यघटनेच्या ७१ व्या कलमातच हे नाव आहे. फक्त १९८६ पर्यंत राज्यांच्या कोर्टातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे (ब्रिटिश साम्राज्याचं वरचं अपील कोर्ट) अपील करता यायचं, सो तोपर्यंत 'शेवटचं कोर्ट' म्हणणं तसं अर्धवटच. बिल्डिंग आतून बघता येते, फुकट. बर्ली ग्रिफिन तलावाच्या काठावर काँक्रीट आणि काचेचा अवाढव्य ठोकळा, १९८० मध्ये राणी एलिझाबेथने उद्घाटन केलं, मेन डिझायनर ख्रिस्तोफर क्रिंगस मात्र १९७५ लाच गेले. तेव्हाचे सरन्यायाधीश गारफिल्ड बारविक या बिल्डिंगच्या इतके मागे लागले होते की लोक चेष्टेने 'गार्स महाल' म्हणायचे, ताजमहालावरून! बाहेरून रुक्ष वाटते पण आतला २४ मीटर उंचीचा हॉल भारी आहे. सुनावणीलाही बसता येतं, पण ती रोज नसते आणि कधीकधी दुसऱ्या शहरात असते, वेबसाइटवर तारखा बघूनच जा.