कोचीला जहाज दिवसभरच थांबणार असेल तर

तुमचा प्रश्न असा : सांगलीहून आई-बाबांना घेऊन मुंबईच्या क्रूझला निघालाय, जहाज सकाळी कोचीला लागून संध्याकाळी सुटतं, तर जहाजवाल्यांची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं?

आपलं आपणच फिरा. मात्र अलेप्पीचं बॅकवॉटर मनातून काढून टाका. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात, वर ट्रॅफिक. आई-बाबांचा सगळा दिवस गाडीत जाईल. मट्टनचेरी आणि फोर्ट कोची हे शहराचे दोन जुने भाग, एवढंच धरा.

जहाज विलिंग्डन बेटाला लागतं. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाची भर घालून या बेटाचा बराचसा भाग रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने शंभरेक वर्षांपूर्वी तयार केला. तिथून पूल ओलांडला की मट्टनचेरी. गेटबाहेर रिक्षा किंवा टॅक्सी थांबण्याच्या पैशांसकट ठरवून घ्या. वाटेत ‘पाच मिनिटं फक्त’ म्हणून दुकानात न्यायला लागले तर सरळ नको म्हणा.

आधी मट्टनचेरीच करा. डच पॅलेस मुळात पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला, डचांनी नंतर दुरुस्त केला म्हणून हे नाव. आतल्या भिंतींवरची रामायणाची चित्रं बाबांना निवांत बघू द्या. शेजारीच १५६८ सालचं ‘परदेशी सिनेगॉग’, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत, चपला बाहेर काढाव्या लागतात. पॅलेस शुक्रवारी बंद असतो, सिनेगॉग शुक्रवार-शनिवार. म्हणून बुकिंगच्या आधी जहाज कोणत्या वारी लागतंय ते बघाच.

ज्यू टाउनच्या गल्लीत शिरलं की मिरी, सुंठ, वेलदोड्याचा वास येतो. हळदीचे सौदे बघत वाढलेल्या सांगलीकराला हा भाग आपलाच वाटेल. हळद मात्र तिथून घेऊ नका, आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. मिरी घ्या, तीही दाणा चावून बघून. शाकाहारी जेवायचं तर जवळच गुजराती रोड आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या गुजराती लोकांची वस्ती.

दुपारनंतर फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाला पुरलं होतं, पुढे अवशेष लिस्बनला नेले, पण थडग्याची जागा दाखवतात. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा जाऊ नका. तिथून चालत मासे पकडायच्या चिनी जाळ्यांपाशी जा आणि एक जाळं पूर्ण खाली-वर होईपर्यंत उभे राहा. मागच्या बाजूला दोरांना लहान-मोठे दगड टांगलेले असतात. एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. वर घेताना चार-पाच जण दोर ओढतात आणि दगड त्यांचा भार हलका करतात. मला तरी सगळ्या कोचीत याहून बघण्यासारखं काही वाटलं नाही.

परतीची वेळ जहाज सुटण्याची धरू नका. सगळ्यांनी चढायची वेळ त्याच्या बरीच आधी असते आणि स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. त्या वेळेच्याही तासभर आधी धक्क्यावर या. बोर्डिंग कार्ड आणि मूळ आधार कार्ड प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवं. सुटताना वरच्या डेकवर डावीकडची जागा पकडा, जहाज फोर्ट कोचीला लागूनच समुद्रात जातं.

मुंबईला जायला महालक्ष्मी एक्स्प्रेसच बरी. सकाळी सीएसएमटीला उतरलात की बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, टॅक्सीने अगदी जवळ आहे.