राजीव गांधींना मारणाऱ्या धनूवर श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या जवानांनी अत्याचार केला होता, म्हणून तिने हे केलं, हे खरं आहे का?

ही गोष्ट मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. थेट सांगायचं तर ती कोणी सिद्ध केलेली नाही. १९८७ ते १९९० या काळात उत्तर श्रीलंकेतल्या तमिळ लोकांनी शांतिसेनेच्या हातून बरंच सोसलं, हे खरं. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या इस्पितळात रुग्ण आणि डॉक्टरही मारले गेले. ते नाकारायचं कारण नाही. पण तेवढ्यावरून या एका मुलीची कहाणी रचून सांगणं मला पटत नाही. तिच्या खऱ्या नावावरसुद्धा एकमत नाही. कुठे तेनमोळी, कुठे कलैवाणी राजरत्नम असं छापलेलं असतं. धनू हे एलटीटीई या श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोर संघटनेतलं नाव.

सूडाची गोष्ट पुरेशी का वाटत नाही, ते ७ मे १९९१ कडे पाहिलं की कळतं. त्या दिवशी मद्रासला वि. प्र. सिंग यांची सभा होती. धनू आणि तिची जोडीदारीण शुभा हार घेऊन त्यांच्यापर्यंत जाऊन आल्या. शांतिसेना परत आणली ती याच सिंगांच्या सरकारने. त्यांच्याशी कसलं वैर? ती रंगीत तालीम होती. एलटीटीईच्या शिवरासनच्या हाताखाली एक अख्खी टोळी महिनोन्‌महिने कामाला लागली होती. राजीव पुन्हा सत्तेवर आले तर सैन्य परत येईल, ही एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन याची भीती होती, असं तपासातून पुढे आलं. धनूच्या मनात काय होतं ते तिच्याबरोबर गेलं. पण राजीवना मारायचं, हे ठरवणारी ती नव्हती.

२१ मेच्या रात्री दहा वाजून गेल्यावर श्रीपेरुंबुदूरला काय झालं, हे आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे ते एका कॅमेऱ्यामुळे. टोळीने फोटो काढायला आणलेला हरिबाबू स्फोटात मेला, कॅमेरा मात्र शाबूत राहिला. त्यातला एक फोटो आमच्या घरी सांगलीला पेपरात आला होता, अजून डोळ्यांसमोर आहे. चष्मा लावलेली, केसांत फुलं माळलेली, सलवार-कमीजमधली मुलगी, हातात चंदनाचा हार. थोड्या अंतरावर पांढऱ्या कुर्ता-पायजम्यात पत्रकार बनून उभा शिवरासन. आणि धनूच्या शेजारीच एक लहान मुलगी, राजीवना कविता म्हणून दाखवायला आईबरोबर आलेली. त्या मायलेकी दोघीही गेल्या. मला त्या फोटोत आधी तीच मुलगी दिसते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही याचं वाईट वाटतं.

धनूला अडवलं गेलं होतं, हेही फार जणांना माहीत नसतं. अनुसूया नावाच्या महिला उपनिरीक्षक तिथे बंदोबस्ताला होत्या. त्यांनी तिला मागे सारलं. पुढे त्यांनीच सांगितलं की राजीव म्हणाले, सगळ्यांना येऊ द्या. माजी पंतप्रधान म्हणून त्यांना तेव्हा एसपीजीचं, म्हणजे पंतप्रधानांच्या खास सुरक्षा दलाचं, कवच नव्हतं. कायद्यात तशी सोय झाली ती हत्येनंतर. निवडणुकीत उमेदवारालाही लोकांत मिसळायचं असतं. हार घालायला आलेल्या मुलीला कोण किती वेळ रोखणार? तिने हार घातला, पाया पडायला वाकली आणि कमरेच्या पट्ट्याची कळ दाबली.

एलटीटीईने आधी हात झटकले. पण हरिबाबूच्या घरी एक पावती सापडली, मद्रासच्या पूंपुहार या सरकारी हस्तकला दुकानाची. चंदनाच्या हाराची.

अनुसूया वाचल्या. हाताची बोटं गेली, अंगात छर्रे घुसले. त्यानंतरही बरीच वर्षं त्या पोलिसांतच नोकरी करत होत्या.