बारावी सायन्स, नीट नको, सोशल अँथ्रोपॉलॉजी हवंय: बडोद्याच्या एका आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या आयांनाही उपयोगी पडेल म्हणून आधी थोडक्यात तुमचा प्रश्न सांगते. लेक बारावी सायन्सला आहे, मार्क चांगले आहेत, पण नीट द्यायची नाही म्हणतेय, सोशल अँथ्रोपॉलॉजीच करायचं म्हणतेय आणि अलकापुरीतल्या एका एजंटने दिलेलं यूकेच्या युनिव्हर्सिटीचं ब्रोशर घरात टेबलावर पडलंय. मिस्टर मकरपुऱ्याला कंपनीत आहेत, कर्ज काढायची तयारी आहे पण भीती वाटते. तुम्ही विचारलंय की हा विषय असतो तरी काय, नोकरी कुठे मिळते, बडोद्यातच काही होईल का, आणि आजींना काळजी आहे की पोरगी एकटी आदिवासी गावात जाऊन राहणार का.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायला बरं. विषय करू द्या. यूकेला आत्ता पाठवू नका. आपल्या बडोद्याच्या एमएस (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीत सोशियोलॉजी म्हणजे समाजशास्त्र घेऊन बीए करू द्या आणि अँथ्रोपॉलॉजीसाठी बाहेर जायचं ते एमएला. आता का ते सांगते.

विषय काय ते तुमच्या घरातल्याच उदाहरणाने सांगते. आपल्याकडे देशस्थांत, मराठ्यांत मामाच्या मुलीशी लग्न झालेलं एखादं जोडपं नात्यात सापडतंच, कुणाला त्यात काही वाटत नाही, उलट घरातलीच सून आली म्हणतात. हेच शेजारच्या पटेलकाकींना सांगून बघा, त्या कानावर हात ठेवतील, त्यांच्या लेखी मामाची मुलगी म्हणजे बहीण. एकाच वाडीत, एकाच ओटल्यावर बसणारी दोन घरं आणि बहीण कुणाला म्हणायचं ह्यावरच एकमत नाही! सोशल अँथ्रोपॉलॉजीवाला इथे थांबतो आणि विचारतो, असं का? जमिनीचा संबंध आहे का, हुंड्याचा आहे का, मुलगी किती लांब द्यायची ह्या रिवाजाचा आहे का. आणि हे तो घरी बसून ठरवत नाही, त्या लोकांत जाऊन राहतो, त्यांची भाषा शिकतो, रोज लिहून काढतो. अँथ्रोपॉलॉजिस्ट इरावती कर्वेंनी भारतभर हिंडून नात्यांच्या रीतींचा असाच अभ्यास केला, १९५३ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे केलेत आणि गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही मधल्या पट्ट्यात येतात, जिथे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती एकमेकींत मिसळतात. म्हणजे बडोद्याचा मराठी माणूस ह्या मिसळीच्या बरोबर मध्यावर राहतो. तुमची मुलगी घरी मराठी, रिक्षात गुजराती, शाळेत इंग्लिश बोलत मोठी झालीये, कुठे कसं वागायचं हे तिला न शिकवता कळतं. ह्या विषयाला हे मोठं भांडवल आहे, त्याला कमी लेखू नका.

आता एक गोष्ट जिच्यात सायन्सची मुलं हमखास फसतात. आपल्याकडे अँथ्रोपॉलॉजी नावाची डिग्री जिथे आहे, उदाहरणार्थ दिल्ली युनिव्हर्सिटी, चंदीगड, तिथे ती बहुतेक बीएस्सी असते आणि तिच्यात माणसाची उत्क्रांती, हाडं, कवटीची मापं, रक्तगट, जेनेटिक्स, जुनी दगडी हत्यारं हे सगळं असतं, समाज आणि संस्कृती हा त्यातला एक भाग. वाईट नाही, उलट ज्याला बायोलॉजी आवडतं त्याच्यासाठी फार सुंदर डिग्री आहे. पण तुम्ही लिहिलंय की लेकीला बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलचाच कंटाळा आलाय आणि तिला लग्न, जात, सण, बाजार ह्यात रस आहे. मग तिला जे हवंय ते आपल्या देशात जास्त करून सोशियोलॉजी ह्या पाटीखाली शिकवलं जातं. बाहेरच्या देशात सोशियोलॉजीवाले आपल्याच शहरांचा आणि अँथ्रोपॉलॉजीवाले लांबच्या लोकांचा अभ्यास करायचे अशी जुनी वाटणी होती, आपल्याकडे ती कधी नीट टिकलीच नाही, कारण इथे लांबचं आणि जवळचं एकाच गल्लीत असतं.

आणि ही परंपरा उभी करण्यात बडोद्याचा मोठा हात आहे, हे बडोद्यातल्याच लोकांना माहीत नसतं ह्याचं मला फार वाईट वाटतं. एम. एन. श्रीनिवास हे भारतातलं ह्या विषयातलं सगळ्यात मोठं नाव, मुंबईला समाजशास्त्राचे प्राध्यापक घुर्यांकडे शिकले (हे घुर्ये आपले मालवणचे), मग ऑक्सफर्डला, आणि १९५१ साली ते एमएसला आले आणि इथला सोशियोलॉजी विभाग त्यांनी उभा केला. १९५९ला दिल्लीला गेले. इथेच शिकलेल्या ए. एम. शाहांनी गुजरातच्या गावातली घरं मोजून, जुने दफ्तर काढून तपासलं की पूर्वी सगळेच मोठ्या एकत्र कुटुंबात राहायचे हे आपण धरून चालतो ते खरं किती. आपण जे ठामपणे बोलतो ते जाऊन तपासायचं, हीच ह्या विषयाची खरी शिकवण आहे.

अजून मागे गेलं तर बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले आणि मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर जो प्रसिद्ध निबंध वाचला तो गोल्डनवायझर ह्या अँथ्रोपॉलॉजिस्टच्या सेमिनारमध्ये. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या बंधनामुळे, ही त्यातली मांडणी आजही वर्गात शिकवतात. आणि त्यानंतर १९१७ला तेच बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा दिली नाही कुणी, कमाटीबागेत झाडाखाली बसून राहायची वेळ आली. तुमच्या मिस्टरांनी विचारलंय ना, समाजाचा अभ्यास करून कुणाचं काय भलं होतं, त्यांना हे सांगा. बडोद्यातल्या मुलीने हा विषय घेणं मला तरी फार योग्य वाटतं.

यूकेचं बघू. तिकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, एडिनबरो, मँचेस्टर अशा ठिकाणी सोशल अँथ्रोपॉलॉजी ही वेगळी बॅचलर डिग्री आहे, शिकवतात उत्तम, ह्याबद्दल शंकाच नाही. इंग्लंडात तीन वर्षं, एडिनबरोला चार (आणि त्या चार वर्षांच्या पहिल्या डिग्रीलाच ते एमए म्हणतात, एजंट लोक हे नीट सांगत नाहीत त्यामुळे लोकांना वाटतं दोन डिग्र्या मिळाल्या). पण भारतातून जाणाऱ्याला तिथे फी परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे तिथल्या मुलांच्या कितीतरी पट, आणि बॅचलरला स्कॉलरशिप फार थोड्या. यूके सरकारच्या चेव्हनिंगसारख्या ज्या मोठ्या स्कॉलरशिपची नावं तुम्ही ऐकलीत त्या मास्टर्ससाठी असतात. हा विषय असा की पहिल्या नोकरीचा पगार इंजिनिअरसारखा नसतो, त्यामुळे घर गहाण ठेवून बॅचलर करायला पाठवणं मला पटत नाही, कर्जाच्या हप्त्याखाली ती मुलगी ज्या कामासाठी शिकली तेच काम सोडून देईल. एमएला, हातात चांगलं लिखाण आणि फील्डवर्क (लोकांत जाऊन केलेला अभ्यास) असताना, स्कॉलरशिपसाठी प्रयत्न करा, तेव्हा मी स्वतः तिचा अर्ज बघून देईन.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. नुसत्या बीएवर ह्या विषयात नोकरी म्हणजे एखाद्या संस्थेत सर्वेचं काम, गावोगाव फिरून फॉर्म भरून घेणं, पगार थोडा आणि प्रोजेक्ट संपला की काम संपलं. म्हणून बीए ही निम्मी वाट आहे असं धरूनच चाला, एमए करायचंच. एमएनंतर मात्र दारं बरीच आहेत. पब्लिक हेल्थमध्ये ह्यांची गरज असते, २०१४ला पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा अंत्यविधीतून रोग पसरत होता, लोकांना नुसतं बंद करा म्हटलं तर ते प्रेत लपवायला लागले, तिथे अँथ्रोपॉलॉजिस्टनी लोकांशी बोलून घरच्यांना निरोप घेता येईल आणि संसर्गही होणार नाही अशी पद्धत बसवायला मदत केली. कंपन्यांतही असतात, झेरॉक्स कंपनीत १९८०च्या सुमारास ल्युसी सचमन नावाच्या अँथ्रोपॉलॉजिस्टने बसून बघितलं की शिकलेली सवरलेली माणसं कॉपी मशीनपुढे कुठे अडकतात, आज ज्याला यूएक्स रिसर्च म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याला वस्तू कशी वाटते, कुठे अडते त्याचा अभ्यास, त्याची पाळंमुळं अशा कामात आहेत आणि आपल्याकडच्या ॲप बनवणाऱ्या कंपन्या त्यासाठी माणसं घेतात. सरकारी म्हणाल तर अँथ्रोपॉलॉजिकल सर्वे ऑफ इंडिया आहे, १९४५चं, मुख्य ऑफिस कोलकात्याला, पण जागा कमी निघतात, त्यावर भरवसा ठेवू नका. नेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी आहे. यूपीएससीला अँथ्रोपॉलॉजी आणि सोशियोलॉजी दोन्ही ऑप्शनल आहेत, मेन्सच्या १७५० मार्कांपैकी ऑप्शनलचे ५००, पण कृपा करून तेवढ्यासाठी हा विषय घेऊ नका, परीक्षा निघाली नाही तर विषयही नको वाटायला लागतो हे मी पुष्कळ मुलांत बघितलंय.

एमए कुठे, तर पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात अँथ्रोपॉलॉजीचा वेगळा विभाग आहे, हैदराबाद सेंट्रल युनिव्हर्सिटीत आहे, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा सोशियोलॉजी विभाग आहे जिथे श्रीनिवास इथून गेले. आणि घराजवळचं हवं तर आयआयटी गांधीनगर, हो आयआयटीच, तिथे सोसायटी अँड कल्चरमध्ये एमए आहे. लवकर कमवायचं मनात आलं तर आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था आहे, कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट चालतो आणि गावात काम करायची समज असलेल्या मुलांना तिथे फायदा होतो.

आता हे थोडं लेकीसाठी, तिला वाचायला द्या म्हणजे झालं. बाळा, बीएची तीन-चार वर्षं नुसती नोट्स पाठ करून काढलीस तर बाबांची भीती खरी ठरेल. सायन्स सोडलंस तरी स्टॅटिस्टिक्स सोडू नकोस, ज्याला माणसांशी बोलताही येतं आणि आकडेही वाचता येतात त्याला काम मिळतं. मायनरला (जोडीच्या दुय्यम विषयाला) मिळालं तर इकॉनॉमिक्स किंवा सायकॉलॉजी घे. गुजराती तुला बोलता येतं, पण वाचता लिहिता यायला पाहिजे, जुने दस्तऐवज, पंचायतीचे कागद सगळे गुजरातीत. पुढे राठवी बोली कानावर पडू दे, छोटा उदेपूर २०१३पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, तिथल्या राठवा आदिवासींच्या घरात पिठोरा देवाची चित्रं भिंतीवर काढतात, ती शोभेची नसतात, नवस फेडायला काढतात, बडवा म्हणजे त्यांचा पुजारी सगळा विधी करतो, गावजेवण होतं. तिथेच तेजगढला आदिवासी अकादमी आहे, गणेश देवींनी उभी केलेली, एमएसला इंग्लिश शिकवायचे ते, मूळचे आपले भोरचे. जाऊन बघ, पण फोटो काढायला नको जाऊस, बसून ऐकायला जा.

आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधीच एक काम कर. आठवड्यातून एक सकाळ खंडेराव मार्केटला फुलवाल्यांकडे जाऊन बस, परवानगी विचारून. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, उधारी कुणाला मिळते कुणाला नाही, जागा कुणाची कशी ठरली, बायका कुठे बसतात पुरुष कुठे, घरी येऊन त्याच दिवशी लिहून काढ, मराठीत लिही चालेल. दोन महिन्यांनी ती वही मला पाठव. लिहायचा कंटाळा आला तर अजून वेळ गेलेली नाही, दुसरं काही शोधू, आणि कंटाळा न येता प्रश्न वाढत गेले तर आई-बाबांना समजवायला मला पत्र लिहायचीही गरज पडणार नाही, ती वहीच दाखव.

ताई, आजींचं राहिलं. बीएला फील्डवर्क असतं ते शिक्षकांबरोबर, सगळी बॅच मिळून, दिवसभराचं नाहीतर चार-सहा दिवसांचं. वर्षभर गावात राहणं हे पीएचडीला येतं, तेव्हा ती पंचविशीच्या आसपास असेल आणि तेव्हाही गाव, घर, गाईड सगळं ठरवून जातात, कुणी असंच उठून जात नाही. आजींना हवं तर हेही सांगा की इरावतीबाई नव्वद वर्षांपूर्वीपासून असं हिंडत होत्या, लेकरं-बाळं संभाळून.

ॲडमिशनचं म्हणाल तर एमएसचे फॉर्म आता गुजरात सरकारच्या जीकॅस ह्या कॉलेज प्रवेशाच्या पोर्टलवरून भरायचे असतात, सायन्सच्या मुलांना बीएला अडचण येत नाही. दिल्ली मनात असेल तर सीयूईटी ह्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची तारीख बोर्डाच्या निकालाच्या आधी येऊन जाते, ती चुकवू नका. नीट नको म्हणाली म्हणून ड्रॉप वगैरे बिलकुल नको. निकालाआधी एकदा तुम्ही दोघी आर्ट्स फॅकल्टीत सोशियोलॉजीच्या डिपार्टमेंटला जाऊन या, सिलॅबस मागून घ्या, मायनरला काय काय मिळतं ते विचारा, फील्ड ट्रिप खरंच होतात का ते मॅडमना नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना विचारा, आणि मागच्या बॅचची मुलं एमएला कुठे गेली तेही त्यांनाच विचारा. मग मला कळवा.