158 मायक्रॉनसाठी फुगाच का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: जेम्स वेब ही दुर्बीण अवकाशात असताना आयनीभूत कार्बन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन) बघायला अजून फुगे का उडवतात, आणि फुग्यासोबत गेलेली दुर्बीण परत मिळते का.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. वेबची नजर 28 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास संपते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि या कार्बनची रेषा, म्हणजे तो सोडतो तो ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश, आहे 157.74 मायक्रॉनवर. हर्शेल या अवकाश दुर्बिणीला थंड ठेवणारं हीलियम 2013 मध्ये संपलं, सोफिया हे दुर्बीणवाहू विमान 2022 मध्ये थांबलं. जमिनीवरून बघावं तर हवेतली वाफ ही रेषा गिळून टाकते. 30 किलोमीटरच्या वर मात्र वाफ जवळपास उरत नाही.

पण कार्बनच का? हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, कार्बनचा 11.26 मध्येच निघतो. त्यामुळे हायड्रोजनपुढे हात टेकणारा अतिनील प्रकाशही ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगात आत शिरून कार्बनची आयनं करतो. हाच प्रकाश पीएएच नावाच्या, षटकोनी कड्यांच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतो आणि ते इलेक्ट्रॉन वायू तापवतात. तापलेल्या वायूतले कण कार्बनच्या आयनाला धडकले की ते ऊर्जेच्या जराशा वरच्या पातळीवर जातं. फरक इतका लहान, की तापमानात सांगायचा तर 91 केल्व्हिन. खाली येताना ते 158 मायक्रॉनचा फोटॉन सोडतं आणि तो बहुधा ढगाबाहेर निसटतो. म्हणजे ही रेषा मोजली की ढग किती निवतोय ते कळतं. ढग निवल्याशिवाय आकसत नाही, आणि आकसल्याशिवाय तारा जन्मत नाही.

टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) 100 सेंटिमीटरची दुर्बीण हैदराबादहून यासाठीच वर जाते, सोबत जपानी शास्त्रज्ञांचा फॅब्री-पेरो वर्णपटमापक घेऊन. मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती ही: या तरंगलांबीला दुर्बिणीचा आरसा स्वतःच प्रकाशत असतो, आणि त्या उजेडातून ताऱ्यांमधल्या वायूची क्षीण रेषा वेचायची असते. वर्णपटमापकात समोरासमोर दोन अर्धपारदर्शक पृष्ठभाग असतात. त्यांच्यातलं अंतर जरा जरा बदललं की एकेक तरंगलांबी पलीकडे जाते. आरशाचा उजेड सपाट राहतो, कार्बनची रेषा टेकडीसारखी वर येते. सपाट भाग वजा केला की काम झालं.

आरसीडब्ल्यू 38 या तारकागुच्छाभोवतीचा त्यांचा नकाशा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बनची रेषा धुळीपेक्षा पीएएचशी जास्त जुळत होती. वायू तापवण्यात पीएएचचा वाटा किती मोठा आहे, हे त्यातून दिसलं. हा गुच्छ दक्षिण आकाशात इतका खाली आहे की हैदराबादहून तो फार तर 25 अंश वर येतो. बहुतेक युरोपातून तो दिसलाही नसता.

जास्त दिवस हवे असतील तर अंटार्क्टिका. नासाची गस्टो दुर्बीण 31 डिसेंबर 2023 ला तिथून सुटली आणि 57 दिवस वर राहिली.

आता दुसरा प्रश्न. हो, दुर्बीण परत मिळते. काम संपलं की ती फुग्यापासून तोडतात आणि ती पॅराशूटने खाली येते. हैदराबादहून सुटलेली उपकरणं वाऱ्याबरोबर मराठवाड्यातही उतरू शकतात. शेतात असं काही पडलेलं दिसलं तर ते उघडू नका, हलवू नका. वर पत्ता आणि फोन नंबर असतो, तिथे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. त्या पेटीत रात्रभराची निरीक्षणं असू शकतात.